रात्रीचा दिवस करणारं बाळ: तान्ह्याला दिवस-रात्रीची सवय कशी लावायची

"दिवसभर डोळा उघडत नाही आणि रात्री दोनला टक्क जागं!" पहिल्या महिन्यात ही तक्रार जवळजवळ प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीतून ऐकू येते. याचा दृष्ट लागण्याशी संबंध नाही आणि बाळाच्या स्वभावाशीही नाही. पोटात असताना आई दिवसा चालायची-फिरायची, त्या हेलकाव्यांवर बाळ झोपायचं. रात्री आई आडवी झाली की ते हातपाय ताणायचं. जन्मानंतर काही आठवडे तेच चालू राहतं. शिवाय अंधार पडल्यावर झोप आणणारं मेलाटोनिन बाळाच्या शरीरात दोन-तीन महिन्यांपर्यंत नीट तयारच होत नाही. आईच्या रात्रीच्या दुधातून थोडं मिळतं, तेवढंच.

त्यात आपल्याकडची बाळंतिणीची खोली. खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, घरभर 'हळू बोला, बाळ झोपलंय'. आणि रात्री दोनला दुपटं बदलायचं म्हटलं की फटकन ट्यूबलाइट, आजी उठलेली, आजोबा डोकावतायत. बाळाच्या बाजूने बघा: दिवस अंधारा आणि चिडीचूप, रात्र लख्ख आणि माणसांनी भरलेली. पुढे जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं काम हे उलटं झालेलं सुलटं करण्याचं आहे.

आधी वजन, मग वेळापत्रक

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. पोट लहान, आईचं दूध लवकर पचतं, त्यामुळे २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं आणि त्यात रात्रीचं पाजणं आलंच. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास रात्रीचा एखादा टप्पा चार-पाच तासांचा होऊ लागतो. शेजारचं बाळ 'रात्रभर झोपतं' असं कोणी सांगितलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ पाच-सहा तास असा असतो.

जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं आणि १० ते १४ दिवसांत पुन्हा जन्माइतकं होतं. ते होईपर्यंत रात्रीची लांब झोप हा आनंदाचा विषय नाही. दिवसा दर अडीच-तीन तासांनी पाजा आणि रात्रीही चार तासांपुढे जाऊ देऊ नका. झोपलं असेल तर उठवून पाजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा चांगली शू होते का, यावर लक्ष ठेवा. कावीळ झालेलं, लवकर जन्मलेलं किंवा अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ झोपाळू असतं आणि भुकेसाठी रडायचीही ताकद त्याच्यात नसते. तिथे घड्याळ लावूनच पाजायचं, रात्री किती वेळ झोपू द्यायचं ते डॉक्टर सांगतील. वजन भरलं आणि पुढे दिवसाला २०-३० ग्रॅमने वाढतंय असं दिसलं, की रात्री मुद्दाम उठवायची गरज सहसा उरत नाही.

पायरी १: सकाळ ठरवा

रात्र सुधारायची तर सुरुवात सकाळी करायची. एक वेळ ठरवा, समजा सात. रात्र कशीही गेली असो, सातला पडदे उघडायचे, दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, 'उठा उठा, सकाळ झाली' असं नेहमीच्या आवाजात बोलायचं आणि खिडकीपाशी बसून पाजायचं. ऊन अंगावर घ्यायची गरज नाही, उजेड डोळ्यांपर्यंत पोचला की पुरे. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, पण 'रात्री झोप झाली नाही, झोपू दे बिचाऱ्याला' म्हणून दहापर्यंत अंधार ठेवलात तर ती झोप पुढच्या रात्रीच्या खात्यातून वजा होते.

पायरी २: दिवसाची झोप उजेडात

दिवसा बाळ झोपलं तरी पडदे उघडेच ठेवा. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, भांडी घासली जाऊ देत, दारावरची बेल वाजू दे. पहिल्या दोन महिन्यांत बाळं या सगळ्यात निवांत झोपतात. फक्त चेहऱ्यावर थेट ऊन नको. दिवसाची एक झोप अडीच-तीन तासांच्या पुढे जायला लागली तर हळूच उठवा: दुपटं सैल करा, तळपायावर बोट फिरवा, लंगोट बदला, पाजा.

इथे मालीश-अंघोळीचा प्रश्न येतो. आपल्याकडे न्हाऊ घालणारी मावशी दहा-अकराला येते आणि त्यानंतर बाळ दिवसातली सगळ्यात गाढ झोप काढतं, कधी कधी चार-साडेचार तास. घरातले खूश होतात, कारण तेवढ्यात सगळ्यांची जेवणं उरकतात. पण रात्री हवा असलेला लांब टप्पा हाच. तो दुपारी खर्च झालेला असतो. मावशींना संध्याकाळी बोलावणं हा उपाय कागदावर छान आहे, पण त्यांची चार घरं बांधलेली असतात. तेव्हा अंघोळ सकाळीच राहू दे, पण त्यानंतरची झोप तीन तासांवर मोडा. संध्याकाळी कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने अंग पुसून घ्या, त्यालाच रात्रीची खूण बनवा. नाका-कानांत तेल सोडू देऊ नका. अंघोळीनंतरची ओव्याची-वेखंडाची धुरीही नको. धुराने बाळाचा श्वासमार्ग चिडतो, नाक चोंदतं आणि चोंदलेल्या नाकाचं बाळ ना नीट पितं ना नीट झोपतं.

पायरी ३: किती वेळ जागं ठेवायचं

'दिवसा जागं ठेवा, म्हणजे रात्री दमून झोपेल' हा सल्ला मोठ्या माणसांना लागू पडतो, तान्ह्याला नाही. फार दमलेलं बाळ जास्त रडतं, उशिरा झोपतं आणि लवकर उठतं. पहिल्या महिन्यात पाजणं, ढेकर, लंगोट सगळं धरून एकदा उठल्यावर ४५ ते ६० मिनिटं पुरतात. दुसऱ्या महिन्यात तासाभरापासून दीड तासापर्यंत. घड्याळापेक्षा बाळाकडे बघा: नजर एकदम शून्यात लागते, भुवयांच्या वरचा भाग लालसर होतो, तोंड तुमच्याकडून वळवतं, मग जांभई. डोळे चोळून किरकिर सुरू झाली म्हणजे दहा मिनिटं उशीर झाला.

बारशाच्या दिवशी हे सगळं कोलमडणार, ते गृहीत धरा. वीस जणांच्या मांडीवरून फिरलेलं बाळ त्या रात्री झोपत नाही, यात नवल काही नाही.

पायरी ४: दिवेलागणीची रड

संध्याकाळी सहा ते दहा या वेळात बाळ विनाकारण रडतं, सारखं छातीला लागतं, पाच मिनिटं पिऊन सोडतं, पुन्हा मागतं. ही रड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. घरात लगेच 'दूध पुरत नाही' असा निकाल लागतो आणि डब्याचं दूध येतं. वजन वाढतंय आणि शू भरपूर आहे, तर दूध पुरतंय. संध्याकाळी सलग पिणं म्हणजे बाळ रात्रीची बेगमी करतंय, असं समजा. मागेल तेवढं पाजा. मीठ-मोहरी उतरवायची असेल तर उतरवा, बाळाला त्याचा त्रास नाही. फक्त ती चुलीत टाकताना धूर बाळाच्या खोलीत येऊ देऊ नका.

पायरी ५: रात्रीचा क्रम

साधारण सहाव्या आठवड्यापासून, म्हणजे सव्वा महिना झाल्यावर, रोज त्याच क्रमाने वीस-तीस मिनिटांचा कार्यक्रम सुरू करा. वेळ साडेआठ-नऊ चालेल. क्रम बदलू नका.

१. खोलीतला मोठा दिवा बंद, टीव्हीचा आवाज बंद किंवा दार लावलेलं.
२. अंग पुसणं, कोरडा लंगोट किंवा डायपर, सुती झबलं.
३. मंद उजेडात पाजणं, दोन्ही बाजूंनी.
४. ढेकर. पाच-दहा मिनिटं खांद्यावर धरूनही आला नाही तर हरकत नाही.
५. दुपट्यात गुंडाळणं.
६. एकच अंगाई, तीच, रोज. सूर चुकला तरी चालेल.
७. डोळे जड झालेत पण पूर्ण मिटले नाहीत, अशा वेळी अंथरुणावर.

यातली सातवी गोष्ट सुरुवातीला क्वचितच जमते. दिवसातून एकदा प्रयत्न करा, नाही जमलं तर मांडीवर झोपवा. या वयात मांडीची सवय 'लागून बिघडत' नाही.

मांडीवरून अंथरुणावर ठेवताना बाळ खाडकन जागं होतं, त्याचं कारण दोन गोष्टींत आहे. एक, नवजात बाळ झोपेत शिरतं ते हलक्या झोपेच्या दारातून; पहिली पंधरा-वीस मिनिटं पापण्यांखाली बुबुळं हलत असतात. तेवढा वेळ थांबा. मग त्याचा हात दोन बोटांनी उचलून सोडा. ओल्या फडक्यासारखा खाली पडला तर झोप गाढ आहे. दोन, डोकं आधी खाली गेलं की पडल्याचा भास होऊन ते दचकतं. म्हणून आधी पाय आणि ढुंगण टेकवा, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोक्याखालचा हात लगेच ओढू नका. दुसरा तळवा छातीवर मिनिटभर राहू दे, मग एकेक बोट उचला.

दुपट्याचं बांधणं असं: सुती दुपटं शंकरपाळ्यासारखं तिरकं अंथरा, वरचं टोक वीतभर आत दुमडा, बाळाचे खांदे त्या दुमडीवर येऊ देत. एक बाजू छातीवरून पलीकडे नेऊन पाठीखाली खोचा, खालचं टोक सैल वर आणा, मग दुसरी बाजू गुंडाळा. छातीपाशी दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. कमरेखाली मात्र ढिलं हवं, गुडघे बेडकासारखे वाकून फाकता आले पाहिजेत. पाय ताठ जुळवून करकचून बांधायची जुनी पद्धत सोडून द्या. तिने खुब्याचा सांधा निखळू शकतो. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं, मग ते दोन महिन्यांचं असो की चार, त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

अंथरूण

झोपवताना दर वेळी पाठीवर. दिवसा, रात्री, आजीकडे, सगळीकडे. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. पाठीवर झोपलं तर दूध उलटून गुदमरेल ही भीती निरोगी बाळाच्या बाबतीत खरी नाही. अन्ननलिका श्वासनलिकेच्या खाली राहत असल्याने वर आलेलं दूध श्वासात जायचा धोका उलट पालथ्या बाळाला जास्त.

गादी सपाट आणि टणक, चादर ताणून खोचलेली, बाकी काही नाही. मोहरीची उशी, लोड, तक्के, गोधडी, बाहुली, सगळं बाजूला. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. त्यापेक्षा बाळ जागं असताना समोर बसून दिवसातून तीन-चार वेळा दोन-तीन मिनिटं पालथं घाला आणि रोज अंथरुणावर डोक्याची दिशा बदला. काळा दोरा किंवा ताईत गळ्यात नको. टोपडं घरात झोपताना काढा, कारण बाळ जास्तीची बरीचशी उष्णता डोक्यातून टाकतं. तुम्हाला जितके कपडे लागतात त्यापेक्षा एक थर जास्त, इतका हिशेब पुरे. हातपाय गार लागणं नेहमीचं. मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. एसी असेल तर २५-२६, झोत अंगावर नको.

आईच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर, हातभर अंतरावर, ही सगळ्यात चांगली जागा. आपल्याकडे बाळ कुशीत घेऊन झोपतात हे खरं आहे, आणि रात्री पाजता पाजता आईचा डोळा लागणार हेही. म्हणून निदान एवढं: सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून झोपेत पाजू नका, तिथे बाळ फटीत अडकून गुदमरण्याचा धोका सगळ्यात मोठा. आई-बाबांपैकी कोणी दारू प्यायलं असेल, सिगारेट ओढत असेल, झोप आणणारं औषध घेत असेल, किंवा बाळ कमी वजनाचं असेल, तर एका अंथरुणावर अजिबात नको.

झोळीत बाळ पटकन झोपतं, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण साडीच्या झोळीत पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोळी डोळ्यांसमोर, शांत करण्यापुरती. झोप लागली की सपाट गादीवर. रात्रीसाठी झोळी नकोच. डासांसाठी छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी पुरते. बंद खोलीत कॉइल लावू नका.

पायरी ६: रात्री उठल्यावर

झोपायच्या आधी हाताशी ठेवा: चार लंगोट किंवा दोन डायपर, दोन दुपटी, मऊ फडकी, थर्मासमध्ये कोमट पाणी, ओले कपडे टाकायला डबा, आणि आईसाठी पाण्याची बाटली. हे सगळं हाताशी असलं की ट्यूबलाइट लागत नाही. पिवळा किंवा लाल झिरोचा बल्ब बाळाच्या डोळ्यांआड, पायथ्याशी लावा. मोबाइलचा उजेड चेहऱ्यावर नको, तुमच्याही.

आवाज आला की लगेच उचलू नका. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप हलकी असते: कण्हणं, कुंथणं, चेहरा वेडावाकडा करणं, एखादा रडण्याचा सूर, हे सगळं झोपेत चालतं. मिनिट-दोन मिनिटं बघा. खूप वेळा पूर्ण झोपलेलं बाळ आपणच उचलून जागं करतो. मुठी तोंडात, मान शोधल्यासारखी दोन्हीकडे, ओठांचा चपचप आवाज, हे दिसलं तर मात्र रडण्याची वाट न बघता घ्या.

आधी एका बाजूने पाजा, मधे लंगोट बदला, म्हणजे पेंगलेलं बाळ जागं होऊन दुसऱ्या बाजूने पोटभर पितं आणि पिता पिता झोपतं. उलट क्रमाने, शेवटी लंगोट बदलला, तर झोपलेलं बाळ पुन्हा खेळायच्या तयारीत. डायपर वापरत असाल तर फक्त शू झाल्यावर दर वेळी बदलायची गरज नाही. शी झाली किंवा जड झाला तर बदला. सुती लंगोट ओला झाला की उठवतोच, हा त्याचा तोटा. या सगळ्यात बोलणं नाही, नजरेला नजर देऊन हसणं नाही. बाळ रात्री तीनला फार गोड हसतं, ते खरं, पण तो खेळ सकाळी सातला.

ढेकर आणि लंगोट ही कामं बाबांची. आईला सलग चार तास मिळावेत म्हणून संध्याकाळचं दूध पाजून तिने नऊला आडवं व्हायचं आणि पुढच्या भुकेपर्यंत बाळ दुसऱ्याने सांभाळायचं, ही वाटणी बहुतेक घरांत जमते.

झोप यावी म्हणून काय देऊ नये

आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाशिवाय सहा महिने काहीच नाही. बाटलीत नाचणी किंवा बिस्किट घालून बाळ जास्त झोपत नाही, फक्त पोट बिघडतं. मध वर्षभर चाटवायचाही नाही, त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. डब्याचं दूध डब्यावरच्या मापापेक्षा घट्ट करू नका. जायफळ उगाळून चाटवण्याची बाळगुटी, खोकल्याची औषधं, कुणाच्या ओळखीची 'झोपेची पुडी', यांतलं काही नको. मुंबईच्या गिरण्यांत बायका कामाला जायच्या त्या काळात तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवून ठेवत. गुंगी आणि झोप यांतला फरक त्या मुलांना महागात पडला.

बिघडलं तर

दोन आठवडे उजेड-अंधार नीट पाळूनही रात्र उलटीच असेल तर एक दिवस सगळं लिहून काढा: किती वाजता पाजलं, झोपलं, उठलं, शू, शी. बहुतेक वेळा दुपारी एक ते सहा या पाच तासांत साडेचार तास झोप सापडते.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लशींनंतर एक-दोन रात्री बिघडतात. ते आपोआप रुळावर येतं. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर लगेच डॉक्टर. रात्र असली तरी. तसंच उठवूनही पीत नसेल, अंग सैल पडलं असेल, शू एकदम कमी झाली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, उलटी हिरवी असेल किंवा रडणं दोन-तीन तास थांबतच नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नका.

आणि रात्री चारला आपलाच तोल सुटतोय असं वाटलं तर बाळाला सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवा, दार लोटा, पाच-दहा मिनिटं बाहेर जा. तेवढं रडून बाळाला काही होत नाही. रागात गदगदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळंतपणाला दोन आठवडे होऊन गेल्यावरही आईला सारखं रडू येत असेल, किंवा बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, तर 'हे होतंच' म्हणून सोडू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

माहेराहून परत जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी झालं की तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ आईबरोबर सासरी जातं, आणि नुकतीच बसलेली घडी नेमकी त्या आठवड्यात मोडते. खोली वेगळी, आवाज वेगळे, उचलून घेणारे हात वेगळे. जायच्या आधी तीन-चार दिवस अंथरुणाची चादर धुऊ नका, तीच तशीच घेऊन जा. झिरोचा बल्बही बरोबर न्या. प्रवास दिवसाचा ठेवा, गाडीत झोपेल तेवढं झोपू दे. पहिल्या संध्याकाळी पाहुणे आठच्या आत आटोपायचे, हे निरोपातच सांगून ठेवा, आणि नऊला तोच क्रम, तीच अंगाई. दोन-तीन रात्री वाईट जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मात्र नव्या घराचे पडदे उघडा.